डाव्या दाराची पट्टी

संघपाल पुण्याहून येणार म्हणून सत्यशीलाबाईंनी सकाळपासून दोनदा अंगण झाडून घेतलं, आणि दोन्ही वेळा संध्याला आपल्या पट्ट्या बाजेवरून उचलून ओसरीत न्याव्या लागल्या.

"आई, धूळ बसून राह्यली त्याच्यावर," दुसऱ्या वेळी ती वैतागून म्हणाली.

"बसू दे. तुझा भाऊ येऊन राह्यला. आधी अंगण बघंल का तुझ्या पट्ट्या बघंल?"

संघपालनं पट्ट्याच बघितल्या. फाटकातून आत आला, आईच्या पायाशी वाकला, आणि बॅग हातात तशीच धरून बाजेपाशी जाऊन उभा राहिला. पांढऱ्या चादरीवर फियाट गाडीच्या ॲल्युमिनियमच्या लांबलांब पट्ट्या ओळीनं मांडलेल्या होत्या आणि हिवाळ्याचं कोवळं ऊन त्यांच्यावरून पाण्यासारखं वाहत होतं.

"ह्या आपल्याच?" त्यानं विचारलं.

"आपल्याच," संध्या म्हणाली. "नव्या आणल्या वाटल्या ना?"

नव्या जालन्यातलं हे घर तातेरावांनी नोकरीत असताना बांधलं होतं. गुरांचे डॉक्टर म्हणून त्यांनी अर्धा जिल्हा पालथा घातला तो बहुतेक याच फियाटमधून. ती आता अंगणातल्या कडुलिंबाखाली उभी होती, फिकट पिस्ता रंगाची, पट्ट्या काढल्यामुळे अंगावरचे दागिने उतरवून ठेवल्यासारखी. तातेराव जाऊन वर्ष होत आलं होतं. उद्या टेंभुर्णीला, त्यांच्या गावी, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता आणि त्याच मांडवात त्यांच्या नावाच्या वाचनालयाचं उद्घाटन. फियाट उद्या तिथं जाणार आणि वाचनालयापुढच्या शेडमध्ये कायमची उभी राहणार, हे संघपालनंच ठरवलं होतं. इंजिन मिस्त्रीनं चालू करून दिलं, रंग पेंटरनं मारला. पट्ट्यांना मात्र संध्यानं कुणाला हात लावू दिला नव्हता.

शाळेत ती चित्रकला शिकवायची. सासर दोन गल्ल्या पलीकडे, त्यामुळे दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, आजारपणात रोजचं येणं तिचंच होतं, आणि ते गेल्यावरही पाय सवयीनं इकडेच वळायचे. औषधं द्यायची नव्हती, पाय चेपायचे नव्हते. मग करायचं काय? एका संध्याकाळी ती पाना घेऊन गाडीपाशी बसली आणि पहिली पट्टी सोडवली. ती पहिली पट्टी तिनं पार खराबच केली. जुन्या ॲल्युमिनियमवर कारखान्यातून येतो तो पातळ थर काढायला तिनं कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ती बुडवली, नको तितका वेळ ठेवली, आणि बाहेर काढली तर जळक्या तव्यासारखी काळी. तेव्हा ती अंगणातच बसून रडली होती. पट्टीसाठी रडली की दादांसाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. सत्यशीलाबाई खुर्चीवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "घास, घास. भांड्याचं बूड निघतं, हे न्हाई का निघायचं?" आणि घासून ते खरंच निघालं. आधी खरखरीत कागद, मग त्याहून मऊ, मग पाण्यात भिजवून अगदी गुळगुळीत कागद, आणि शेवटी ड्रिलला कापडाची चकती लावून, तिला पॉलिशची वडी चोळून फिरवायचं. आधी काळं पाणी सुटायचं, बोटं काळी व्हायची, आणि मग त्या काळ्यातून एकाएकी आपलंच नाक दिसायला लागायचं.

संघपालला तेच आठवलं होतं. तो वाकून एका पट्टीत बघत होता. "रविवारी दादा ओल्या पेपरनं पुसायचे. आपण दोघं शेजारी बसून तोंडं वेडीवाकडी करायचो. तुझं डोकं दुधीभोपळ्यासारखं लांब दिसायचं."

"तुझे दात दिसायचे, बाकी काहीच न्हाई."

दोघं हसले. मागून बेबीनंदा आली, संघपालची बायको, परभणीची. तिनं डोळ्यांवरचा गॉगल वर केला आणि "अगंबाई, आरसाच की हो ताई!" म्हणत पदर सारखा केला. संध्याला त्या क्षणी वाटलं, की एवढ्यासाठीच आपण बोटं सोलून घेतली.

मग संघपालनं बाजेवरून नजर फिरवली आणि त्याचा चेहरा बदलला. "डाव्या दाराची कुठाय?"

"आत आहे. तिला हात लावला न्हाई अजून."

"लावूही नको."

"भाऊ, सगळी गाडी चमकणार आन् मधीच ती एक—"

"तीच तर दाखवायची आहे, संध्या. बाकी गाडी कुणीही बघेल. लोक येणार ते त्या पोच्यासाठी."

ती पट्टी म्हणजे घराची गोष्ट होती. विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला, त्या पावसाळ्यात तातेराव बायकोला आणि दोन लेकरांना घेऊन टेंभुर्णीहून जालन्याला निघाले होते. वाटेत एका फाट्यावर घोळक्यानं गाडी अडवली आणि डाव्या दारावर काठ्या बसल्या. त्या दाराशी सत्यशीलाबाई होत्या, मांडीवर संध्या, दुधावरची. तिला त्यातलं काही आठवायचा प्रश्नच नव्हता. तिच्याजवळ होती ती संघपालनं सांगितलेली गोष्ट: दादांनी गाडी थांबवली, खाली उतरले, ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "मारायचं तर मला मारा." घोळका मागं सरला. राहिले ते दोन पोचे, एक खोल, एक उथळ, दोन काठ्यांचे.

"मी वाचनालयाच्या लोकांना सांगून ठेवलंय," संघपाल म्हणाला. "त्या पट्टीखाली पाटी लावणार आहेत. उद्याचं माझं भाषणच त्याच्यावर आहे."

"पोचा राहू दे, पण निदान पॉलिश करू दे."

"नाही. जशी आहे तशी. गंजासकट, मळासकट."

"ॲल्युमिनियम गंजत न्हाई," संध्या म्हणाली आणि तरातरा आत निघून गेली.

स्वयंपाकघरात बेबीनंदा तिच्या मागं आली. चहा उकळत होता.

"तुम्ही त्यांचं मनाला लावून घेऊ नका, ताई. मला बघायला आले होते ना, तेव्हा चहाचा कप हातात घेऊन पहिली हीच गोष्ट सांगितली होती. मी म्हटलं, ज्याला बापाचा एवढा अभिमान, तो माणूस चांगलाच असणार. हो म्हणून टाकलं."

संध्याला हसू आलं. "म्हणजे तुम्ही पण त्याच्याच बाजूनं."

"इतके दिवस होते." बेबीनंदानं चहात साखर टाकली. "आता बाहेर त्या बाजेपाशी उभी राहिले, तर वाटलं, एवढ्या चकचकीत गाडीला एक काळं, पिचकं दार. लोक त्याच्याकडेच बघत राहणार. मामंजींना ते आवडलं असतं का, काय माहीत." ती थांबली. "आणि आईंना? त्यांना विचारलं का कुणी?"

संध्याच्या हातातली गाळणी तशीच राहिली. गेले कितीतरी महिने आई रोज शेजारी खुर्ची टाकून बसत होती. पाणी आणून द्यायची, चहा द्यायची, "इथं डाग राह्यला बघ" म्हणून काठीनं दाखवायची. पण त्या एका पट्टीचं काय करायचं, हे तिला विचारावं असं संध्याच्या मनातही आलं नव्हतं. ती गोष्ट भावाची आणि पट्टी आपली, असंच ती धरून चालली होती.

दुपारी जेवताना बेबीनंदानंच विषय काढला. भाकरी, वांग्याचं भरीत, मिरचीचा ठेचा. सगळे ओसरीत पंगत करून बसले होते.

"आई, त्या दाराच्या पट्टीचं काय करायचं? यांचं एक म्हणणं, ताईंचं एक."

सत्यशीलाबाईंनी घास खाल्ला, पाणी प्यायलं. "काढा की पोचा. इतकी मेहनत करून राह्यली ती."

संघपाल चपापला. "आई, अगं तो इतिहास आहे. दादा ज्या पद्धतीनं उतरून उभे राहिले—"

"कुठं उतरले?"

"फाट्यावर. मी मागच्या सीटवर होतो. मला बराबर आठवतं." बोलता बोलता त्याचं पुणं गळून पडलं होतं.

"तू सीटवर न्हवता, बाबा. तुला मी खाली दाबलं होतं, दोन सीटच्या मधी. माझा हात मागं तुझ्या टाळक्यावर होता, वर बघू नको म्हणून. तुला काय दिसंल?"

बेबीनंदानं पाण्याचा तांब्या सासूपुढं सरकवला.

"गाडी थांबवलीच न्हाई त्यांनी. लोक समोर आले, तशी त्यांनी हळू केली, आन् मंग एकदम दाबली. काठी बसली ती तवा. धाडकन आवाज झाला, ही रडायला लागली." त्यांनी संध्याकडे बघितलं. "पूल लागला, पूल गेला, तरी ते थांबंना. मी म्हणलं, अहो, थांबवा आता, कुणी न्हाई मागं. तवा उतरले. रस्त्याच्या कडंला जाऊन ओकले. मंग आले, दारावर हात फिरवला आन् मला म्हणले, शीला, हे उद्याच काढून टाकू."

"मग?" संघपालचा आवाज बारीक झाला होता.

"दुसऱ्या दिवशी बसले ना माझा वरवंटा घेऊन. हात कुठं थाऱ्यावर होता त्यांचा? होता तो पोचा निघाला न्हाईच, शेजारी दुसरा पाडून ठेवला."

"तो दुसरा... दादांनी?"

"मंग काय तर."

बेबीनंदा पदराआड हसली आणि लगेच गंभीर झाली. संघपालनं ताट पुढं सरकवलं. "मग मी इतकी वर्षं लोकांना काय सांगत आलो?"

"खोटं काय सांगितलं तू? काठी बसली, ते खरंच. बाप ताठ होता, तेबी खरं. सगळ्या नोकरीत कुणापुढं मान घातली न्हाई त्या माणसानं. त्या दिवशी भ्यालता. पोटची लेकरं होती संगं, भ्यायचं न्हाई का?"

"पण आई, पोचा काढून टाकायचा म्हणजे विसरूनच जायचं की."

"विसर म्हणून कोण म्हणून राह्यलं? भाषणात सांग. भिंतीवर लिहून लाव. शाळंतल्या पोराय्‌ला सांग. पण माझ्या दारावर नको." त्या पहिल्यांदाच जरा मोठ्यानं बोलल्या. "त्या दाराशी मी बसत होते, संघपाल. मी त्या दारातून अजिंठा बघितला. तुझी मावशी नवरी होऊन त्याच्यातून गेली. शेजारच्या कचरूच्या सुनंला दवाखान्यात नेताना मागच्या सीटवर पोरगी झाली, ह्या हातानं नाळ धरली मी. सिनेमा बघून यायचो तर तुमचे दादा गाणं म्हणायचे, आवाज असा फाटका, तुम्ही दोघं झोपलेले. एवढी वर्षं आमी मजेत फिरलो त्या गाडीत. आन् लोकाय्‌ला दाखवायला काय, तर तो एक दिवस?"

संघपाल ताटावरून उठला, हात धुतले, आणि अंगणात जाऊन गाडीच्या डाव्या दाराशी उभा राहिला. संध्याला वाटलं, आता हा चिडून निघून जाईल. लहानपणी हरला की तो असाच पाठमोरा उभा राहायचा. पण थोड्या वेळानं तो आत आला आणि तिला म्हणाला, "कसं काढतात ते? दाखव मला."

पट्टी आणली. उन्हात धरली तेव्हा ती किती पिचली होती ते नीट दिसलं. संध्यानं ती आधी कॉस्टिकच्या पाण्यात घातली, या वेळी डोळ्यांत तेल घालून, आणि थर सुटताच धुऊन काढली. मग मागच्या बाजूनं पोच्यांभोवती कपड्याचा साबण चोळला.

"साबण कशाला?"

"हा धातू जुना झाला की कडक होतो. तसाच ठोकला तर चिरतो. आधी गरम करून मऊ करायचा. पण तापला किती ते डोळ्याला दिसत न्हाई, एकदम वितळून खाली येतो. साबण तपकिरी झाला की बस. काळा होऊ द्यायचा न्हाई."

तिनं खालून गॅसच्या बत्तीची ज्योत फिरवायला सुरुवात केली. पट्टी संघपालनं पकडीत धरली होती. बेबीनंदा आणि सत्यशीलाबाई खुर्च्या ओढून जवळ आल्या. साबण आधी फेसाळला, मग पिवळसर झाला. अंगणभर धोब्याच्या इस्त्रीसारखा वास सुटला.

"झाला," संघपाल घाईनं म्हणाला.

"न्हाई अजून."

"अगं, गेली पट्टी!"

"भाऊ, गप. हलवू नको."

कडेनं तपकिरी रेघ धावली, तशी तिनं बत्ती बाजूला केली. पट्टी निवली. वाळूनं भरलेल्या पोत्याच्या पिशवीवर तिनं ती पालथी ठेवली आणि लाकडी हातोडी उचलली. मग थांबली, आणि दांडा भावाकडं केला.

"मी? चिरली तर?"

"चिरली तर चिरली. कडंपासून सुरू कर. मधी एकदम मारायचं न्हाई. हळूहळू आत यायचं."

त्यानं पहिला ठोका इतका हलका दिला की सत्यशीलाबाई म्हणाल्या, "अरे, पाखरू हाकलून राह्यला का?" दुसरा जरा जोरात बसला. मग हाताला अंदाज आला. टक, टक, टक. संघपालचा चष्मा नाकावर घसरला, घाम आला, शर्टाला काळे डाग पडले. संध्या मधूनमधून पट्टी उलटून बोट फिरवायची आणि "इथं" म्हणायची. मधेच एकदा तो थांबला आणि तिच्याकडं न बघता म्हणाला, "मला तेव्हा खरंच वाटलं होतं गं, ते उतरले म्हणून. मी खोटं रचलं नव्हतं."

"माहीत आहे मला."

"मी सीटखाली असताना माझ्या मनात ते उतरले असतील."

संध्यानं त्याच्या हातावर हात ठेवला, क्षणभरच, आणि पुन्हा बोटानं जागा दाखवली. "इथं. थोडंच राह्यलं."

ऊन कलेपर्यंत दोन्ही पोचे वर आले. मग घासायचं काम बेबीनंदानं मागून घेतलं. तिच्या बांगड्या काळ्या पाण्यानं भरल्या, पण ती ऐकेना. चकती फिरवायला मात्र संध्याच बसली. पॉलिशची वडी लागली, राखाडी फेस उडाला, कापडानं पुसलं, आणि पट्टीत कडुलिंब उतरला, फांदी न फांदी. सत्यशीलाबाईंनी ती मांडीवर घेतली. या टोकापासून त्या टोकापर्यंत अंगठा फिरवला. पुन्हा एकदा फिरवला. पट्टी संघपालकडे देऊन त्या पाठ वळवून आत गेल्या, आणि बराच वेळ मोरीत तोंड धूत राहिल्या.

सकाळी पट्ट्या लागलेली फियाट रस्त्यावर निघाली, तेव्हा समोरच्या बँकेचा शिपाई झाडू हातात धरून बघत राहिला. संघपाल चालवत होता. आई शेजारी, डाव्या दाराशी, पांढऱ्या साडीत. मागं संध्या आणि बेबीनंदा. गाव मागं पडलं, दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, तुरी पिवळ्या झाल्या होत्या. गाडीत पेट्रोलचा आणि जुन्या रेक्झिनचा तोच वास होता, आणि संध्याला वाटलं, डोळे मिटले तर पुढून दादांचं फाटक्या आवाजातलं गाणं ऐकू येईल.

मग तो फाटा आला. दादांनी तिथं कधीच गाडी थांबवली नव्हती. किती वेळा गेले असतील टेंभुर्णीला, पण फाटा दिसला की वेग वाढायचा. तेव्हा तिथं नुसतं एक चिंचेचं झाड होतं. आता पत्र्याची टपरी होती, चहाची किटली वाफाळत होती, चारदोन माणसं बाकड्यावर पेपर वाचत होती. संघपालचाही पाय आपोआप खाली दबला.

"थांबव," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"इथं?"

"इथंच. मला चहा प्यायचाय."

त्यानं गाडी कडेला घेतली. त्या दार उघडून उतरल्या, साडीच्या निऱ्या झटकल्या, आणि काठी टेकत सरळ टपरीपाशी गेल्या. बाकड्यावरची माणसं उठली, त्यांना जागा झाली. त्या बसल्या नाहीत. चहाचा कप घेऊन परत आल्या आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. बाकीचे तिघंही उतरले. एक फेटेवाले म्हातारबा गाडीभोवती फिरून आले, पट्टीत वाकून बघितलं, फेटा नीट केला.

"काय चमकून राह्यली हो! कुणाची गाडी म्हणायची?"

"आमची," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"पहिलेपासून?"

"पहिलेपासून."

संघपालनं घड्याळ बघितलं. मांडवात लोक जमले असतील, भंतेजी आले असतील. तो काही बोलणार तेवढ्यात संध्यानं त्याचं मनगट धरलं. आई सावकाश, फुंकर घालत चहा पीत होती. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, शाळेची पोरं सायकलींवर गेली, आणि आई सगळ्यांकडं नीट बघत होती. कप रिकामा झाला तेव्हा टपरीवाला पुढं आला.

"निघायची घाई हाय का मावशी?"

"न्हाई," त्या म्हणाल्या आणि कप त्याच्यापुढं केला. "बिलकुल न्हाई. अजून एक द्या."